जुन्या टँकमध्ये नवी वाळू

प्रश्न : चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असा समुद्री माशांचा टँक आहे, खाली सम्प (पाणी गाळून परत वर पाठवणारी टाकी). तीन वर्षांत समोरची वाळू उडून तळाची काच दिसू लागली. दोन सेंटिमीटर नवी वाळू घालायची आहे. मासे, कोरल बाहेर काढावे लागतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काढू नका. वाळूपेक्षा त्या पकडापकडीचाच त्यांना जास्त त्रास होतो. आधी पॉवरहेडचं (टँकमध्ये प्रवाह खेळवणाऱ्या पंपाचं) तोंड थोडं वर वळवा, नाहीतर नवी वाळूही जुनीच्याच वाटेने जाईल.

तुमचा तळ 120 बाय 45 सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरच्या थराला साधारण 11 लिटर, म्हणजे सुमारे 16 किलो कोरडी अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू लागेल. ती एका दमात ओतू नका. जुन्या थरात बॅक्टेरिया आणि बारीक किडे असतात. सगळे एकदम गाडले गेले की गुदमरून मरतात आणि अमोनिया चढतो. दर आठवड्याला चार किलो, तेही तळाच्या एका चौथाई भागातच. दाणा जुन्याइतकाच घ्या. जाड वाळूवर बारीक घातली, तर ती फटींतून खाली जाते आणि वर पुन्हा जाडच दिसते.

कोरडी वाळू बादलीत नळाखाली हाताने घुसळून धुवा. पहिलं पाणी ताकासारखं निघतं. ते नितळ होईपर्यंत, आठ-दहा वेळा तरी, बदलावं लागतं. शेवटचं पाणी आरओचं. मग टँकइतक्याच क्षाराच्या पाण्यात रात्रभर भिजवा. चार किलो ओल्या वाळूत लिटरभर पाणी अडकतं, ते गोडं कशाला आत न्यायचं? ओली ‘लाइव्ह सँड’ (जिवंत बॅक्टेरियासह मिळणारी वाळू) मात्र धुवायची नाही.

घालण्याआधी जुन्या वाळूवरची घाण सायफनने वरवर ओढून घ्या. खोल खणू नका: काळ्या पट्ट्यांतून सडक्या अंड्यांचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो विषारी आहे. सगळे पंप बंद करून दोन इंची नवा पीव्हीसी पाइप तळापासून दोन बोटं वर धरा आणि वरून पेल्यापेल्याने ओली वाळू सोडत पाइप सावकाश सरकवा. दगड हलवू नका. अर्ध्या तासाने आधी रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर आणणारा), मग पॉवरहेड चालू करा. कोरलवर बसलेले कण सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने पाणी मारून उडवा. पाणी एक-दोन दिवस धूसर राहील. फिल्टरचा कापूस रोज बदला.

सम्प बहुतेक जण विसरतात. 16 किलो वाळू जवळजवळ सहा लिटर पाणी सरकवते. वरच्या टँकची पातळी ओव्हरफ्लोने (जास्तीचं पाणी खाली सोडणाऱ्या वाटेने) ठरलेली, म्हणून ते सगळं सम्पमध्ये उतरतं आणि वीज गेली की जमिनीवर. दर हप्त्याला दीड लिटर काढून टाका.

दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी अमोनिया तपासा. दिसला तर पंचवीस टक्के पाणी बदला आणि पुढचा हप्ता लांबवा.

प्रश्न : रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची वाळू चालेल का?

उत्तर : नाही. तिथल्या काळ्या कणांत इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियम असतं. जोरदार चुंबक फिरवला की कण चिकटतात. व्हिनेगर टाकून फसफसली तर वाळूत चुना आहे एवढंच कळतं, ती स्वच्छ आहे हे नाही. शिवाय सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) नियमांमुळे किनाऱ्यावरून वाळू उचलणं अडचणीचं.