मोरीतल्या मुंग्या

"मॅडम, पोरगं पार बदललंय हो. काही विचारायला गेलं की अंगावर येतं. शाळेतून आलं की आडवं होतं. काही व्यसन-बिसन तर नसेल ना लागलं?"

नववी-दहावीतल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा काळजी साधारण याच शब्दांत येते. उत्तर बहुतेक वेळा वयात सापडतं, नाहीतर अभ्यासाच्या ताणात, घरातल्या भांडणात किंवा मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या मोबाइलमध्ये. ओंकारच्या बाबतीत ते रक्तात होतं. पहिल्या भेटीत मला ते दिसलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मार्चचे दिवस होते. ओंकार १४ वर्षांचा, घर नाशिकच्या सिडकोत. वडील अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशिनवर, आठवड्याला पाळी बदलणारी. आई घरी ब्लाउज शिवते, आजी सोबत असते. वर्गशिक्षिकेने आईला बोलावून सांगितलं होतं की मुलगा एका तासात दोन-दोनदा बाहेर जातो, बाकावर डोकं टाकून झोपतो, आणि सहामाहीला बरे असलेले गुण एकदम घसरलेत. वडिलांनी त्यावरून अंदाज बांधला. सारखा बाथरूमला जातो म्हणजे फोन लपवून नेतो, नाहीतर कुणीतरी मावा किंवा सिगारेट शिकवली. मग दप्तर उलटंपालटं झालं, खिशांचा वास घेऊन झाला, फोन कपाटात गेला. एकदा हातही उचलला गेला.

पहिल्या भेटीत ओंकार फारसं बोलला नाही. झोप होत नाही म्हणाला, रात्री सारखा उठतो म्हणाला. मी वहीत लिहिलं : झोपेत खंड, परीक्षेचा ताण. तो का उठतो, हे मी विचारलं नाही. सोबत आणलेली लिटरभर पाण्याची बाटली त्याने माझ्यासमोर रिकामी केली, आणि बाहेर ऊन आहे म्हणून मी तेही सोडून दिलं. झोपेचं वेळापत्रक दिलं, श्वासाचा एक व्यायाम शिकवला, पुढच्या शुक्रवारची वेळ दिली. तो मधला आठवडा मला आजही बोचतो.

शुक्रवारी तो आला तेव्हा गाल आत गेले होते. ओठांना कोरड पडलेली, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. वीस मिनिटांत त्याने बाथरूमला जाऊ का विचारलं. उठताना त्याचा एक हात पँटवर होता, घसरू नये म्हणून. माझी नजर पट्ट्यावर गेली. बक्कल ज्या भोकात अडकवलं होतं ते कारखान्यात पाडलेलं नव्हतं. कडा फाटलेल्या, थोडं तिरपं. त्याच्या अलीकडे तसंच आणखी एक.

"हे कशाने पाडलंस रे?"

"कर्कटकाने. आधीचं सैल व्हायला लागलं ना."

"कधी?"

"पहिलं जानेवारीत. हे आत्ता पंधरा दिवसांपूर्वी."

तो परत आल्यावर मी मागच्या शुक्रवारचा राहिलेला प्रश्न विचारला. रात्री कशासाठी उठतोस? लघवीला. कितीदा? चारदा, कधी पाचदा. आणि मग? "मग पाणी पितो. तहानच जात नाही मॅडम."

मी आईला आणि आजींना आत बोलावलं. आजींचं म्हणणं होतं की रात्री मागच्या संडासापर्यंत जायचा तो कंटाळा करतो, मोरीतच उरकतो. "आणि हल्ली मोरीत मुंग्या फार होतात बघा. रोज बादलीभर पाणी ओतते, हळद टाकते, तरी सकाळी रांग लागलेलीच." घरातल्या कुणी त्या मुंग्यांचा ओंकारशी संबंध जोडला नव्हता. जोडणार तरी कसा? मधुमेह हा आपला जुना शब्द मधासारख्या गोड लघवीवरूनच आला आहे, आणि अशा लघवीला मुंग्या लागतात हे आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतं. पण ते आजोबांच्या वयाच्या माणसाला होतं, असंच आपण धरून चालतो.

आईने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. अशक्तपणा वाटतो म्हणून ती त्याला रोज ग्लुकोज पावडर पाण्यातून देत होती, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाचा रस. आणि कालपासून त्याचं पोट दुखत होतं, सकाळी एकदा उलटी झाली होती. "रविवारी मित्रांबरोबर मिसळ खाल्ली, तीच बाधली असेल."

मी वही मिटली. "ताई, आज आपण बोलत बसायचं नाही. इथून थेट मुलांच्या डॉक्टरांकडे जायचं. बोटातून साखर तपासायची, एक मिनिटाचं काम आहे."

"साखर? एवढ्याशा पोराला? आमच्यात तर कुणालाच नाही."

त्या रिक्षाने गेल्या. अर्ध्या तासाने फोन आला. ग्लुकोमीटरवर ४१२. लघवीत कीटोन. ओंकारला त्याच संध्याकाळी दाखल केलं.

नंतर मी हे त्या कुटुंबाला जसं समजावलं तसंच इथे सांगते. आपण खातो त्याची साखर होते आणि रक्तात येते. ती पेशींच्या आत जायला इन्सुलिन लागतं, आणि ते स्वादुपिंडात तयार होतं. टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. साखर रक्तात अडकून पडते आणि पेशी उपाशी राहतात. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती आवरत नाही, ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून सारखी लघवी, म्हणून न भागणारी तहान, म्हणून मोरीतल्या मुंग्या. पोटभर जेवूनही मूल वाळतं, कारण शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू जाळायला लागतं. चरबी जळताना कीटोन तयार होतात, ते साचले की रक्त आम्लयुक्त होतं. पोटदुखी, उलट्या, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, खोल आणि जोरजोरात चालणारा श्वास, गुंगी. इथवर आलं की जिवावर बेततं. ओंकार या वाटेवर निघाला होता, आणि आम्ही सगळे मिसळीला दोष देत होतो.

रात्री एकदा उठणारं किंवा उन्हाळ्यात जास्त पाणी पिणारं प्रत्येक मूल आजारी नसतं. पण तहान, सारखी लघवी, उतरणारं वजन आणि थकवा या चार गोष्टी काही दिवसांत किंवा आठवड्यांत एकत्र दिसायला लागल्या, किंवा अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल पुन्हा करायला लागलं, तर त्याच दिवशी साखर तपासा. 'सोमवारी उपाशीपोटी करून घेऊ' म्हणून थांबू नका. अशी लक्षणं असताना कुठल्याही वेळी घेतलेली साखर २०० किंवा त्याहून जास्त निघाली तर निदान झाल्यातच जमा असतं. आणि उलट्या, गुंगी किंवा धाप असेल तर वेळ मिळण्याची वाट न बघता सरळ रुग्णालय गाठा.

चौथ्या दिवशी मी रुग्णालयात गेले. ओंकार उठून बसला होता, चेहऱ्यावर पाणी आलं होतं. मला म्हणाला, "मॅडम, मला वाटायचं मीच आळशी झालोय. सगळे तेच म्हणत होते." या एका वाक्यासाठी पुढे दोन भेटी गेल्या. आजार ओळखण्यात उशीर होतो तेव्हा साखरेबरोबर आणखी काहीतरी रक्तात भिनत जातं. मूल स्वतःबद्दल ऐकलेलं खरं मानायला लागतं.

वडील कॉरिडॉरमध्ये उभे होते. "मी मारलं त्याला. लघवीला जातो म्हणून मारलं." त्यावर मी काहीही समजूत घातली नाही, कारण ते खरं होतं. त्यांचा दुसरा प्रश्न मात्र लगेच खोडला : लहानपणी गोड जास्त दिलं म्हणून झालं का? नाही. टाइप १ गोड खाऊन होत नाही, लाड करून होत नाही, आणि घरात आधी कुणाला असावाच लागतो असंही नाही. दोन दिवसांत नातेवाइकांनी कारल्याचा रस आणि एका गावातली जडीबुटी सुचवली होती. मी हात जोडून सांगितलं, कारलं भाजी म्हणून खुशाल खा, पण इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही. त्याच्या शरीरात ते तयारच होत नाही, बाहेरून दिल्याशिवाय तो जगणार नाही.

ओंकारने डॉक्टरांना विचारलं होतं, इंजेक्शन नव्हतं तेव्हा काय करायचे? डॉक्टर घाईत होते, म्हणून उत्तर मी दिलं. काही करता यायचं नाही, मुलं जायची. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन वेगळं काढता आलं, आणि जानेवारी १९२२ मध्ये ते ज्याला पहिल्यांदा टोचलं तो लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता. "माझ्याएवढा?" "तुझ्याएवढाच." बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, तोच जागतिक मधुमेह दिन आणि आपला बालदिनही, हे त्याला फार आवडलं.

घरात इन्सुलिनचं पेन सगळ्यात आधी वडिलांनी हातात घेतलं. दिवसभर मशिनवर मायक्रॉनचा हिशेब ठेवणारा माणूस. पेनचा डायल फिरवताना ते प्रत्येक टिकटिक ओठांत मोजायचे आणि मग आकडा ओंकारला वाचायला लावायचे. माफी मागताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. हे मोजणं ऐकलं.

दोन महिन्यांनी एक वेगळीच अडचण आली. ओंकार पुन्हा चिडायला लागला, आजीवर ओरडला, आणि वडिलांचा जुना आवाज चढला. आईने त्या गोंधळात त्याचं बोट टोचलं. साखर ५८. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, भूक आणि अशी अचानक चिडचिड होते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून किंवा अर्धा ग्लास फळांचा रस, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, तडक रुग्णालय. त्या घरात आता नियम आहे, ओंकार भडकला की आधी मीटर, मग बोलणं. वर्गशिक्षिकेलाही हे सांगितलं. ज्या बाईंनी तक्रार केली होती त्यांनीच आपल्या टेबलाच्या खणात साखरेची पुडी ठेवली आणि बाकावरच्या मित्राला ती कुठे आहे ते दाखवलं.

सगळ्याच मुलांचं असं धावतपळत होत नाही. गंगापूर रोडवरची १५ वर्षांची एक मुलगी आईने 'आत्मविश्वास नाही' म्हणून आणली होती. वजन बरंच वाढलेलं, मान काळपट, मखमलीसारखी जाड झालेली. आई ती मान बेसन आणि लिंबाने घासून घासून लाल करायची आणि मुलगी त्या पायी शाळेत केस मोकळे सोडायची. तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, म्हणजे टाइप २ मधुमेहाच्या वाटेला लागलं, की मानेवर, काखेत अशी त्वचा दिसू शकते. पाळी अनियमित होती, आईवडील दोघांनाही मधुमेह. तिला तहान नव्हती, थकवा नव्हता, काहीच नव्हतं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.१ निघाली. ६.५ पासून मधुमेह म्हणतात, ५.७ ते ६.४ हा त्याचा उंबरठा. तिथून मागे फिरता येतं, आणि ती सध्या फिरते आहे. मी आईला एकच गोष्ट बंद करायला लावली, ते घासणं.

माझ्या पहिल्या भेटीच्या कागदावर आता तीन प्रश्न छापलेले आहेत : रात्री कितीदा उठतोस आणि कशासाठी, दिवसाला किती बाटल्या पाणी, कपडे सैल झालेत का.

गेल्या महिन्यात ओंकार शेवटच्या ठरलेल्या भेटीला आला तो शाळेच्या सहलीचा कागद घेऊन. हरिहर गड. आई नको म्हणत होती, आजी तर ऐकूनच घेत नव्हती. वडिलांनी मधला मार्ग काढला, रविवारी दोघं आधी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून बघणार. पिशवीत मीटर, पट्ट्या, साखर, बिस्किटांचे दोन पुडे, इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात. सोमवारी त्याने मला वहीचं पान दाखवलं. खाली १३४. अर्ध्यात ८८, दोन बिस्किटं. वर १२१. आणि त्याखाली, वडिलांच्या अक्षरात : बाबा, दम लागला, तीनदा बसले.