स्टेटसला वचन, व्हाउचरला खोटं भाडं

नगरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या एमआयडीसीतल्या एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहेत आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल घेतात. त्या लिहितात :

“दर आठवड्याला बँकेत जावं लागतं. शेजारीण स्कूटरवरून सोडते, पण व्हाउचरवर मी रिक्षाचे १८० रुपये लिहिते. असं ३२ वेळा झालं. मध्यंतरी शेजारच्या टेबलावरचा मुलगा सहज म्हणाला, ‘ताई, सकाळी स्टेटसला बायबलचं वचन आणि दुपारी व्हाउचरला हे?’ त्या दिवसापासून वचन टाकायला हात धजत नाही. गेल्या महिन्यात चर्चमधलं प्रभुभोजनही, भाकर आणि द्राक्षारसही, घेतलं नाही. मिस्टर म्हणतात, सगळेच करतात, बोललीस तर आपल्याच समाजाचं नाव जाईल. देवाकडे क्षमा मागितली आहे. मालकांना सांगायलाच हवं का? नोकरी गेली तर?”

ताई, सलाम. पत्र दोनदा वाचलं. तुम्ही आकडा लपवला नाहीत, कितीदा झालं तेही मोजून ठेवलंत. तुमचं मन अजून जागं आहे, म्हणूनच उत्तर सरळ देते.

हो, मालकांना सांगायला हवं. देवाकडे क्षमा मागितलीत हे योग्यच केलंत, पण पैसे मालकांचे आहेत. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयच्या सहाव्या अध्यायात, अशाच माणसासाठी नियम आहे : ज्याचं घेतलं त्याला मुद्दल परत द्यावं, वर पाचवा हिस्सा द्यावा, आणि तेही दोषार्पण, म्हणजे दोषाबद्दल देवाला वाहायचं अर्पण, आणायचं त्याच दिवशी. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने तर चौपट परत द्यायचं कबूल केलं. आपण नियमशास्त्राच्या हिशेबाने तारले जात नाही, हे तुम्ही मुलांना शिकवता, मला माहीत आहे. पण पाचव्या हिश्शाचं माप मला फार आवडतं, कारण ते झेपणारं आहे. तुमचे ५,७६० होतात. वर पाचवा हिस्सा १,१५२. एकूण ६,९१२ रुपये. एकदम जमत नसतील तर पगारातून तीन हप्त्यांत कापा म्हणून सांगा.

माझी आजी नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यात दुधाचा रतीब घालायची. अक्षर ओळखत नव्हती. माप भरलं की वर थोडा वरताळा घालायची, तेवढीच तिची साक्ष. एकदा घरी अचानक पाहुणे आले, चहाला दूध काढून घेतलं आणि चरवीत तांब्याभर पाणी गेलं. रात्रभर ती कूस बदलत होती. सकाळी मला बोटाला धरून सातही घरी गेली. प्रत्येक दारात एकच वाक्य : “काल दुधात पाणी होतं, कालचं धरू नका.” नाव सांगितलं नाही देवाचं, रडली नाही, कारणही दिलं नाही. एका घरची म्हातारी रागावली, दोन महिने रतीब बंद केला. आजीने तोही सोसला.

तुम्हीही तसंच बोला. “माझ्या रिक्षाच्या व्हाउचरांत ३२ नोंदी खोट्या आहेत, रक्कम परत करते आहे,” एवढं पुरे. वचन सांगू नका, ‘मी ख्रिस्ती असून’ म्हणू नका. आणि त्या मुलाचं नाव चुकूनही काढू नका. त्याच्या हातून ती व्हाउचरं गेली असतील तर तोही अडचणीत येईल. त्याला मात्र वेगळं गाठून सांगा की तू बोललास ते खरं होतं.

नोकरीची हमी मी देऊ शकत नाही. मालक समजून घेतील, किंवा नाही घेणार. म्हणून आधी मिस्टरांशी बसून बोला. घर दोघांच्या पगारावर चालतं, त्यांना नंतर कळलं तर तो दुसरा अन्याय होईल. समाजाच्या नावाची त्यांची भीती मी झटकून टाकत नाही. दोनशे माणसांत आपण एकटे असलो की आपली चूक साऱ्या मंडळीच्या खात्यावर लिहिली जाते, हे मीही भोगलं आहे. पण तो मुलगा आधीच बोलला आहे, ताई. आता गप्प बसून कोणाचं नाव वाचणार?

आपल्या नगरचेच कवी रेव्हरंड टिळक बघा. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या सुमारे पाच वर्षांनी, नवऱ्याला रोजच्या वागण्यात पाहून झाल्यावर. वादात त्यांना कोणी हरवलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचं माणूसही घरच्यासारखंच असतं. दिवसाचे आठ तास ते आपल्याला पाहतं.

प्रभुभोजनाचं म्हणाल तर तुम्ही उलटं केलंत असं मला वाटतं. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला सांगतो की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. दूर बसावं असं तो म्हणत नाही. परीक्षा तुम्ही केलीच आहे. वेदीजवळ आठवलं की आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण वाहा, असं प्रभूने सांगितलं. त्यात परत येणंही आहे. पाळकसाहेबांशी बोलावंसं वाटलं तर जरूर बोला, पण मालकांना सांगितल्यानंतर. नाहीतर पाळकसाहेबांना सांगून मन हलकं होतं आणि खरं काम राहून जातं.

स्टेटस पैसे परत होईपर्यंत बंद ठेवा. पुढे टाकावंसं वाटलं तर टाका, नाही वाटलं तरी काही बिघडत नाही.

आणि या आठवड्याचं व्हाउचर अजून टेबलावर असेल. शेजारणीला पेट्रोलचे काही दिले असतील तर तेवढेच लिहा. दिले नसतील तर भरूच नका.