फाइट सीनमधला स्लो मोशन नेमका कोणाला दिसतो?

'रोमिओ मस्ट डाय'मध्ये जेट ली मारतो तेव्हा मधेच समोरच्याच्या हाडांचा एक्स-रे का दिसतो, आणि अशा करामतींना काही अर्थ असतो की नुसती चमकोगिरी, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही प्रकार असतात. ओळखायला मी एकच गोष्ट बघतो: पडद्यावर दिसतंय ते सिनेमातल्या कुणाला दिसतंय, की फक्त आपल्याला?

एक्स-रे फक्त आपल्यासाठी. २००० सालच्या या सिनेमात वायरला लटकून केलेली मारामारी बरीच आहे. वायरमुळे हालचाल देखणी होते, पण फटक्याचा जोर जातो. हवेत तरंगणाऱ्या माणसाची लाथ खरंच बसली यावर विश्वास कसा बसणार? हाड मोडताना दाखवलं की तो जोर परत येतो. कल्पना जुनीच. १९७४ च्या जपानी 'द स्ट्रीट फायटर'मध्ये सॉनी चिबाच्या ठोशाने कवटी तडकते ती अशीच एक्स-रेमध्ये दिसते. तिथे ते ध्यानीमनी नसताना येतं, म्हणून दचकायला होतं. जेट लीच्या सिनेमात शेवटी मणके मोडेपर्यंत आपण सरावलेले असतो.

कधीकधी अर्थ शोधण्यात अर्थ नसतो. 'किल बिल'च्या पहिल्या भागातली (२००३) ती लांबलचक तलवारबाजी मधेच कृष्णधवल होते. त्यावर लोकांनी काय काय लिहिलंय! जपानमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत तोच भाग रंगीत आहे. अमेरिकेत एवढं लाल रक्त रेटिंगवाल्यांना पचलं नसतं, हे त्यामागचं एक साधं कारण. तरी दिग्दर्शकाला दाद द्यायला हवी, कारण रंग परत येतो तो नायिकेच्या पापणीच्या उघडझापीवर.

'द मॅट्रिक्स'मध्ये (१९९९) नायक निओ छतावर मागे वाकून गोळ्या चुकवतो, वेळ जवळजवळ थांबते आणि कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो. त्यासाठी शंभराहून जास्त स्थिर कॅमेरे त्याच्याभोवती मांडले होते. पण ते जगच कॉम्प्युटरने रचलेलं आहे आणि निओला त्याचे नियम वाकवता यायला लागलेत, हे त्या शॉटमधूनच आपल्याला कळतं. शॉट काढला तर कथा लंगडी होते. पुढे ज्याने त्याने ती युक्ती उचलली, कथेशी संबंध असो वा नसो. आपल्याकडे तर हिरो नुसता गाडीतून उतरला तरी स्लो मोशन!

माझ्या मते सगळ्यात हुशारीने हे केलंय रॉबर्ट डाउनी ज्युनिअरच्या 'शेरलॉक होम्स'मध्ये (२००९). बॉक्सिंगच्या रिंगणात होम्स आधी मनात हिशेब मांडतो: रुमाल उडवून लक्ष विचलित करायचं, मग कानांवर फटका, मग पुढचं. हे सगळं संथपणे, त्याच्याच आवाजात. मग तीच मारामारी काही सेकंदांत, खऱ्या वेगाने. एरवी सेकंदाला २४ चित्रं घेतात. २४० घेऊन नेहमीच्या वेगाने दाखवली की एका सेकंदाचे दहा होतात. ते दहा सेकंद म्हणजे होम्सचं डोकं. त्याच्यापुढे बाकीचे किती मंद आहेत, हे संवादाशिवाय कळतं.

आणि एकदा हा नियम आपल्या अंगवळणी पडला की दुसऱ्या भागात (२०११) सिनेमावाले त्या नियमाशी खेळतात. एका ठिकाणी होम्सचा हिशेब चालू असतानाच सिम्झा ही भविष्य सांगणारी बाई सुरी फेकते आणि बेत फसतो. शेवटी (शेवट फोडतोय, सिनेमा पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा) धबधब्यावरच्या सज्जात त्याचा कट्टर शत्रू मोरिआर्टी याच्यासमोर तो हिशेब सुरू करतो, तर मधेच मोरिआर्टीचा आवाज येतो. तोही तेच करू शकतो! दोघं मनातल्या मनात लढतात. होम्सचा खांदा जायबंदी आहे, हे दोघांनाही माहीत आहे, आणि त्या हिशेबात होम्स हरतो. मग तो हिशेबाबाहेरचं काहीतरी करतो: पाइपमधले निखारे त्याच्या तोंडावर फुंकतो आणि त्याला कवटाळून कठड्यावरून खाली झेपावतो. इफेक्ट हाच तिथे कथेचा पेच झालाय. खरी हाणामारी जवळजवळ नाहीच.

पाहणार असाल तर क्रमानेच पाहा. पहिला भाग न पाहता थेट दुसरा लावलात, तर मोरिआर्टीचा तो आवाज नुसता डबिंगचा घोळ वाटेल.