श्रीमंती आली की इंटरनेट आपोआप येते का?

प्रश्न : आमच्या वाडीवर मोबाइलचा टॉवर आहे, रेंजही चांगली मिळते, तरी निम्म्या घरांत इंटरनेट वापरले जात नाही. देशाचे उत्पन्न वाढले की हा वापर आपोआप वाढतो, असे वाचले. ते खरे आहे का?
– एक शिक्षक, जत (जि. सांगली)

उत्तर : उत्पन्नाचा आणि इंटरनेटचा संबंध घट्ट आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार उच्च उत्पन्नाच्या देशांत ९३ टक्के लोक इंटरनेट वापरतात, तर अल्प उत्पन्नाच्या देशांत अवघे २७ टक्के. ‘आपोआप’ हा शब्द मात्र मला पटत नाही. चाडसारख्या देशाला समुद्रकिनाराच नाही. तिथे समुद्राखालच्या केबलपर्यंत पोहोचायचे तर शेजारच्या देशातून वाट काढावी लागते आणि तो खर्च शेवटी ग्राहकाच्या माथी बसतो. याउलट एस्टोनियाने १९९६ मध्ये, पश्चिम युरोपच्या तुलनेत बराच गरीब असताना, शाळांना संगणक आणि इंटरनेट पुरवण्याची योजना हाती घेतली व पुढे तो देश या क्षेत्रात आघाडीवर गेला.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, पण ते गावोगावी पोहोचले ते २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटाचे दर कोसळले तेव्हा. त्या दोन-तीन वर्षांत लोकांचे उत्पन्न काही दुप्पट झाले नव्हते. मिळकतीच्या मानाने इंटरनेट स्वस्त झाले होते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने प्राथमिक सेवेचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा, असे उद्दिष्ट ठेवले.

तुमच्या वाडीचे कोडे जगाचेही आहे. मोबाइल ब्रॉडबँडची रेंज जगातील सुमारे ९६ टक्के लोकसंख्येपर्यंत गेली आहे, तरीही २०२४ च्या त्याच अंदाजानुसार जवळपास एक तृतीयांश लोक इंटरनेट वापरत नव्हते. घरात स्मार्टफोन एकच असतो, तो कामासाठी मिरजेला जाणाऱ्या मुलाच्या खिशात असतो आणि आईकडे बटणांचा फोन उरतो. अशा घरापुढे टॉवर उभा असला काय नि नसला काय, सारखेच. फोनची किंमत आणि वाचता येणे या अडचणी मला रेंजपेक्षा मोठ्या वाटतात. तासगावच्या सौद्यातला बेदाण्याचा दर घरबसल्या पाहणे हे कारण शेतकऱ्याला पुरेसे असते. त्या आईला तेवढेच सबळ कारण कोणते, हे तुम्ही पालकसभेत विचारून पाहावे आणि आम्हाला अवश्य कळवावे.