दाढीपूर्वी तेल लावावे का?

प्रश्न : ब्रश, साबण आणि सेफ्टी रेझरने दाढी करूनही गळ्यावर जळजळ होते. आधी तेल लावल्यास उपयोग होईल का?
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : होईल, मात्र केस मऊ करण्याचे काम तेलाचे नसून पाण्याचे आहे, म्हणून आधी चेहरा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवावा आणि मगच बदामाच्या तेलाचे तीन-चार थेंब ओल्या त्वचेवर, विशेषतः गळ्यावर, हलकेच चोळून त्यावर ब्रशने फेस करावा. तेल जास्त झाल्यास फेस बसतो. मुंबईच्या दमट हवेत खोबरेल टाळलेले बरे, कारण त्याने काहींच्या त्वचेची रंध्रे बुजतात. तेलाहूनही महत्त्वाचे म्हणजे, गळ्यावरचे केस कोणत्या दिशेने वाढतात हे बोटांनी चाचपून पाते त्याच दिशेने, अजिबात दाब न देता फिरवावे. पुरळ उठत असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.