ब्रनोचा कागद, ठाण्याचे डॉक्टर

प्रश्न : मुलगा चेक प्रजासत्ताकात ब्रनोला शिकतो. तिथे चार दिवस ॲडमिट होता. डिस्चार्जचा कागद चेक भाषेत आहे. मोबाइलवर भाषांतर केलं तर ‘अँजायना’ आलं. वय अवघं 22. झोप उडाली आहे. – एक आई, घोडबंदर रोड

उत्तर : ताई, चेकमध्ये नुसतं ‘अंगीना’ म्हणजे सहसा टॉन्सिलची सूज. हृदयाचं दुखणं असेल तर पुढे ‘पेक्टोरिस’ लिहितात. मूळ कागदावर तो शब्द आहे का बघा, आणि नसला तरी तुमच्या डॉक्टरांना दाखवाच. गोळ्यांचे आकडे मात्र स्वतः वाचू नका. चेक लोक दशांशाला स्वल्पविराम देतात. 2,5 मिग्रॅ म्हणजे अडीच, पंचवीस नव्हे! साखरही ते मिलिमोलमध्ये लिहितात. 7 आकडा बघून हायसं वाटेल, पण 18 ने गुणलं की आपल्याकडचे 126 होतात.

प्रश्न : आमच्या महापेच्या कंपनीला रुग्णांचे चेक रिपोर्ट इंग्रजीत हवेत. नवी मुंबईत कोणी मिळेल?

उत्तर : नवी मुंबईतलाच हवा, हा हट्ट कशाला? स्कॅन कुठेही जातं. प्रागमध्ये अनुवादक-दुभाष्यांची ‘जेटीपी’ नावाची संघटना 1990 पासून आहे, तिच्याकडे किंवा ‘प्रोझ’ या अनुवादकांच्या साइटवर शोधा. इंग्रजी लिहिण्यात मुरलेला आणि वैद्यकीय मजकुरात रुळलेला माणूस हवा; नुसतं चेक येऊन भागत नाही. अर्धं पान पैसे देऊन करून घ्या. त्यात लघुरूपं भरपूर असू द्या. मला एकाने अकरा पानं रातोरात पाठवली होती, एकही शंका न विचारता. ‘स्ताव पो’, म्हणजे ‘अमुक झाल्यानंतरची स्थिती’, याचं ‘St. p.’ हे लघुरूप त्याने ‘सेंट पी.’ केलं होतं. रुग्णाच्या हर्नियाला संतपद मिळालं! तेव्हापासून शंका न विचारणाऱ्याला मी दुसरं काम देत नाही. एजन्सी असेल तर आयएसओ 17100 हे भाषांतर-सेवेचं मानक आहे का विचारा. त्यात दुसऱ्या माणसाने तपासणं सक्तीचं आहे.

प्रश्न : क्लेमसाठी भाषांतरावर नोटरीचा शिक्का चालेल?

उत्तर : विमा कंपनीला लेखी विचारा. नोटरीला चेक येत नाही, तो बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्रावरची सही बघतो. चेक कोर्टाचा अधिकृत अनुवादक गोल शिक्का मारून देतो. त्यांची यादी तिथल्या न्याय मंत्रालयाच्या साइटवर आहे.

प्रश्न : पत्नीच्या प्रागच्या रिपोर्टवर जन्मक्रमांकात महिना 56 आहे. चूक ना?

उत्तर : नाही. हा क्रमांक जन्मतारखेवरून बनतो आणि बायकांच्या महिन्यात तिथे 50 मिळवतात. वहिनींचा वाढदिवस जूनमध्ये असणार.