रस्ता आराखड्यात का आला नाही? आधी ठरावातली ओळ वाचा

तुम्ही लिहिलंय, "तीन ग्रामसभांत मागणी केली, सगळ्यांनी हात वर केले, आणि आराखड्यात आमच्या वस्तीचं नावच नाही." हे वाचलं आणि मला २०१८ चा एप्रिल आठवला. तुमचा प्रश्न वस्तीचा ९०० मीटर रस्ता ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात, म्हणजे गावच्या वर्षाच्या कामांच्या यादीत, न आल्याचा आहे, आमचा वाडीवरच्या पाण्याच्या टाकीचा होता. ग्रामसेवकांनी तुम्हाला "निधी नाही" असं सांगितलं, आम्हालाही तेच सांगितलं होतं. म्हणून सविस्तर लिहिते.

मी ऑक्टोबर २०१७ च्या निवडणुकीत ग्रामपंचायत सदस्य झाले. गाव पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातलं, तीन हजारांच्या आत वस्ती. वाडी गावठाणापासून सव्वा किलोमीटरवर, ४१ घरं. पाच वर्षांत जे शिकले ते सांगते. मी वकील नाही, अधिकारीही नाही. तुमचं गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी भागांसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली) असेल तर तिथले ग्रामसभेचे अधिकार आणि निधी वेगळे आहेत, त्याचा मला अनुभव नाही. आराखडा म्हणजे काय, ग्रामसभा किती घ्यायच्या हे तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात जात नाही.

आमची चूक एका ओळीची होती. निवडून आल्यावर पहिल्याच आराखड्याच्या वेळी ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिला सभा झाली. वाडीवरच्या सव्वीस बायका चालत आल्या. प्रत्येकीचं एकच म्हणणं होतं, उन्हाळ्यात वाडीची विहीर तळाला जाते, टँकर आला तर तो त्याच विहिरीत ओततात, मग पोहऱ्याने ओढून काढायचं. साठवण टाकी बांधा, तिला नळकोंडाळं करा, म्हणजे टँकर थेट टाकीत उतरेल. इतकी स्वच्छ मागणी मी नंतर कुठल्याच सभेत ऐकली नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत मी ती मांडली, सरपंचांनी मान डोलावली, हात वर झाले, टाळ्याही झाल्या. मी घरी येऊन वाडीवर निरोप धाडला की टाकी झालीच समजा.

एप्रिलमध्ये दुसऱ्याच कामासाठी प्रोसीडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, उघडलं तेव्हा ती ओळ वाचली. "मौजे वाडी येथे पाण्याची सोय करणेबाबत चर्चा झाली व सदर काम आराखड्यात घेणेचे सर्वानुमते ठरले." संपलं. टाकी हा शब्द नाही, किती लिटरची ते नाही, जागा नाही, गट नंबर नाही, किती घरांसाठी ते नाही. तेव्हा आराखडा प्लॅनप्लस या सरकारी पोर्टलवर भरायचे. आमच्या संगणक परिचालकाकडे तीन गावं होती आणि मुदतीचे शेवटचे दोन दिवस उरले होते. त्याने ती ओळ वाचली आणि यादीतून जे जवळचं वाटलं ते निवडलं: पाणीपुरवठा दुरुस्ती. पुढे "वाडी" हा शब्दही गळाला. त्या पैशातून गावठाणातल्या विहिरीवर नवी मोटर बसली आणि दोन व्हॉल्व्ह बदलले.

यात कुणी पैसा खाल्ला नाही. मोटर खरंच जळालेली होती. परिचालकाला मी आजही दोष देत नाही, त्या पोरांना महिनोन्महिने मानधन मिळत नाही आणि गावाच्या अख्ख्या वर्षाची कामं त्यांच्या बोटांवर सोडलेली असतात. दोष माझा होता. मी सभेत बोलले, पण काय लिहिलं जातंय ते पाहिलं नाही. आमच्याकडे हजेरीच्या पानावर सह्या आधी होत आणि इतिवृत्त नंतर, कधी कधी दोन दिवसांनी, कार्यालयात बसून लिहिलं जाई. पुष्कळ गावांत आजही असंच चालतं. ग्रामसभेत किती जोरात बोललात याला पुढे काहीच किंमत नाही, पुढे जाते ती फक्त ओळ. अभियंता ओळ वाचतो, तालुक्याची छाननी समिती ओळ वाचते, पोर्टलवर ओळ चढते.

म्हणून तुम्ही सगळ्यात आधी तिन्ही ठरावांच्या नकला मागा, साध्या अर्जावर. अर्जाची दुसरी प्रत घेऊन त्यावर आवक नंबर आणि शिक्का मारून घ्या, तोंडी मागू नका. माझा अंदाज आहे की तिन्ही ठिकाणी "वस्तीचा रस्ता करणेबाबत" एवढंच सापडेल. मग पुढच्या सभेला ओळ घरून लिहून न्या. साधारण अशी: "जिल्हा परिषद शाळा ते अमुक वस्ती, गट नंबर अमुक ते अमुक, लांबी ९०० मीटर, रुंदी ३ मीटर, खडीकरण करणे, लाभार्थी घरे इतकी." सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा. सभा उठायच्या आत "ठराव वाचून दाखवा" असं म्हणा. वाचून दाखवेपर्यंत उठू नका, आणि वाचलेल्याचा फोटो काढा. यात भांडण नाही. ग्रामसेवकालाही हे बरं पडतं, कारण पुढे त्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

रस्त्याच्या बाबतीत आणखी एक. तो रस्ता ग्रामपंचायतीच्या नमुना २३ ला, म्हणजे ताब्यातील रस्त्यांच्या नोंदवहीत आहे का ते पाहा. तिथे नोंद नसेल तर ग्रामपंचायतीने त्यावर खर्च कसा करायचा, असा प्रश्न कुणीतरी काढतोच, आणि तो काढणं चुकीचंही नाही. वाट कुणाच्या बांधावरून जात असेल तर त्या शेतकऱ्यांची संमती आज कागदावर घ्या. आज "जा की, कोण अडवतंय" म्हणणारा माणूस खडीचा ट्रक आला की आडवा उभा राहतो, किंवा तो नसतो आणि त्याची मुलं उभी राहतात.

आता तालुक्याच्या त्या कार्यालयाबद्दल, जिथे आमची फाइल अडली. नाव लिहीत नाही, तालुकाही सांगत नाही.

चूक कळल्यावर मी मे २०१८ मध्ये अर्ज घेऊन तालुक्याला गेले. पहिल्या टेबलावर सांगितलं, ग्रामसभेचा ठराव आहे, तो ग्रामसभाच दुरुस्त करेल. बरोबर होतं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दुरुस्ती करून ठराव नेला. मग म्हणाले, नुसता ठराव चालत नाही, पुरवणी आराखडा करा. तोही केला. मग अंदाजपत्रक लागेल. शाखा अभियंत्यांना भेटले. त्यांनी तीन प्रश्न विचारले: गट नंबर किती, लोकसंख्या किती, विहिरीपासून टाकीचं अंतर किती? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. पाच महिने मी दारोदार फिरत होते आणि हे तीन आकडे माझ्या वहीत नव्हते. ते गृहस्थ मात्र चांगले. म्हणाले, ताई, आकडे आणा, मी आठ दिवसांत अंदाजपत्रक देतो. आणि दिलं.

जागेवरून तर आम्ही स्वतःच दोन महिने घालवले. एका भाऊबंदकीतली खाजगी जागा धरून बसलो होतो, एक भाऊ हो म्हणे, दुसरा नाही. शेवटी जुन्या शिपाईमामांनी सुचवलं म्हणून नमुना २४, म्हणजे ग्रामपंचायतीच्या जमिनींची नोंदवही उघडली. वाडीच्या समाजमंदिरामागची मोकळी जागा ग्रामपंचायतीच्याच नावावर होती. रोज तिथे म्हशी बांधलेल्या दिसत होत्या, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कुठलीही इमारत किंवा टाकी मागायच्या आधी ही वही उघडा, एवढं तरी करा.

डिसेंबर २०१८ मध्ये पूर्ण फाइल तालुक्याला दिली. त्यानंतर ती एका टेबलावर साडेचार महिने पडून राहिली. गेलं की साहेब मीटिंगला. परत गेलं की फाइल वर गेलीय. वर गेलं की आमच्याकडे आलेलीच नाही. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि तेच कारण पुढे करायला लागले. आधीच्या तीन महिन्यांबद्दल कुणी बोलेना. एकदा मी आवक रजिस्टर दाखवा म्हटलं तर टेबलावरच्या बाईंनी ते माझ्यासमोर मिटवून ड्रॉवरमध्ये ठेवलं. लाल कापडात बांधलेले गठ्ठे भिंतीपर्यंत रचलेले, आणि त्यातल्या एकात ४१ घरांचं पाणी.

तो २०१८-१९ चा दुष्काळ होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले, त्यात आमचाही होता. मेमध्ये वाडीवर टँकर सुरू झाला आणि टाकी नाही म्हणून विहिरीतच ओतू लागला. टँकर आला की सगळ्या एकदम कडेला जमायच्या. कठडा अर्धा ढासळलेला, खाली ओल. त्या गर्दीत सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचा पाय घसरला आणि खुबा मोडला. त्या पुन्हा आधाराशिवाय चालल्या नाहीत. महिला सभेत पहिल्यांदा उठून बोलल्या होत्या त्या ह्याच. त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या मला काहीच बोलल्या नाहीत, सुनेला चहा ठेव म्हणाल्या. माझी ओळ नीट असती तर टाकी आदल्या वर्षीच्या आराखड्यात आली असती. फाइल डिसेंबरात हलली असती तरी कदाचित जमलं असतं. यातलं माझं किती आणि त्या टेबलाचं किती, हे मी खूप वेळा मोजलंय.

टाकी पुढे झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिच्यात पहिल्यांदा पाणी पडलं.

आता तुमच्या "निधी नाही" कडे. हे उत्तर खोटंच असतं असं नाही, पण अर्धवट असतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतींना येणाऱ्या पैशात, २०२१ ते २०२६ च्या काळात, ६० टक्के बंधित (ठरलेल्याच कामांसाठी) आणि ४० टक्के अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे) असा हिशेब होता. बंधितातला निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याच्या पाण्याला. रस्ता बसतो फक्त अबंधितात. तेव्हा "निधी नाही" म्हटलं की विचारा, कुठल्या शीर्षात नाही? बंधितात शिल्लक असेल तर वस्तीचं सांडपाण्याचं गटार तरी त्यातून घेता येतं, आणि पावसात रस्ता वाहून जायचं अर्धं कारण ते नसलेलं गटारच असतं. २०२६ नंतरचे निकष बदललेले असू शकतात, चालू वर्षाचा शासन निर्णय बघूनच बोला. माझे आकडे समोर टाकून वाद घालू नका.

शेतातून जाणारी वाट असेल तर शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेचंही विचारा. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध वस्ती असेल तर समाजकल्याणाचा वस्ती विकासाचा वेगळा निधी असतो. एकाच पिशवीतून सगळं मागू नका.

आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर कुणालाही दिसतो, लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, वर्ष निवडा आणि कामांची यादी एकेक करून वाचा. मोबाइलवर "मेरी पंचायत" ॲप आहे. आराखडा चढला की लगेच बघा, माझ्यासारखं एप्रिलला नको. माहिती अधिकार दहा रुपयांत आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण माझ्या मते तो पहिला अर्ज नसावा. गावात राहायचंय, ग्रामसेवकाला पहिल्याच दिवशी शत्रू करून घेतलात तर पुढचं प्रत्येक काम जड जातं. नकला नाकारल्या तर मात्र बिनधास्त टाका.

आणखी एक गोष्ट मला फार वाटते. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून ठेवलेली असते. ऑक्टोबरात आमच्याकडे विहिरी भरलेल्या, बाजरी काढायला आलेली, शिवार फेरी काढली तर सगळं हिरवं दिसतं. त्या दिवसांत पाण्याची टंचाई मांडली की लोक म्हणतात, आहे की पाणी. तसंच रस्त्याचं, ऑक्टोबरात चिखल वाळलेला असतो. म्हणून जुलैमध्ये चिखलात अडकलेल्या दुधाच्या गाडीचा, दप्तर डोक्यावर घेऊन चालणाऱ्या मुलांचा फोटो काढून ठेवा, तारखेसह. पाण्याचे फोटो मेमध्ये. आणि माणसं मोजून ठेवा. जल जीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर धरतात. आमच्या वाडीची २१० माणसं, म्हणजे दिवसाला साडेअकरा हजार लिटर. असा आकडा मांडला की "बघू" म्हणणाऱ्याला पुढे बोलावं लागतं.

ग्रामसभा गणपूर्तीअभावी, म्हणजे पुरेशी माणसं न जमल्याने, तहकूब झाली तरी घरी बसू नका. तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, आणि नेमकं तेव्हाच वीस-बावीस लोकांत सगळं मंजूर होतं. वस्तीवरची पाच माणसं तरी त्या दिवशी हजर ठेवा, त्यात दोन बायका हव्यातच.

तिन्ही ठरावांच्या नकला मिळाल्या की त्यातल्या ओळी इथे टाका, नावं झाकून. मी वाचून सांगते कुठे काय राहिलंय.